उसनं विरजण

म्हशीला काय घालावं आणि काय घालू नये, यावर शिवाजी पेठेत माझ्याशी कुणी वाद घालत नसे. एकदा घातलाच तर दुसऱ्यांदा घालत नसे. मी शालूबाई. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा सासरी दोन म्हशी होत्या. शहात्तर साली चार होत्या आणि त्या चारींच्या पोटात जाणारी प्रत्येक काडी माझ्या हातून जात होती. आमचे मालक, आकाराम, धार काढायचे, म्हशी धुवायचे, संध्याकाळी दूधकट्ट्यावर न्यायचे. गव्हाणीला हात लावायची परवानगी मात्र त्यांनाही नव्हती.

दूधकट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी गवळी आपापल्या म्हशी घेऊन रस्त्याकडेच्या कट्ट्यापाशी उभे राहतात. गिऱ्हाईक समोर थांबतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार थेट पेल्यात पडते, फेसासकट, कोमट. पाणी घालायला वावच नाही. त्यामुळं दूध कुणाचं चांगलं हे म्हशीवर आणि तिच्या वैरणीवर ठरतं. तालमीतले पैलवान तर जिभेचे इतके तयार, की एक दिवस पेंड शिळी घातली तर दुसऱ्या दिवशी पेला अर्धा ठेवून शेजारच्या म्हशीकडं जातात.

माझे नियम पक्के होते. सकाळी कडब्याची कुट्टी आणि थोडी ओली वैरण. संध्याकाळी धारेच्या आधी आंबोण, म्हणजे भिजवलेली सरकी पेंड, तुरीची चुणी आणि मूठभर मीठ. वैरण बदलायची तर एका दिवसात नाही. नवी जुनीत मिसळत मिसळत आठ-दहा दिवस घ्यायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका पावसाळ्याच्या तोंडाला कोवळं गवत बघून मला हाव सुटली, म्हशींना पोटभर घातलं आणि चारी म्हशी हगवणीनं बेजार झाल्या, तेव्हा मीच शिकले होते. तेव्हापासून सगळ्या गल्लीला हा नियम मी ऐकवत आले. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते हा नियम माहीत असलेल्या बाईच्या हातून झालं.

चारींत हौशी माझी लाडकी. काळीभोर, वळलेल्या शिंगांची, दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर देणारी. माझ्या पायांचा आवाज आला की मान वळवायची. माणसांनी कधी माझ्या येण्याची एवढी दखल घेतली नाही.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चिमणाबाई राहायची. नवरा वारल्यावर स्वतः म्हैस घेऊन कट्ट्यावर उभी राहणारी पेठेतली ती एकटीच बाई. तिच्याकडं एकच म्हैस, चिंगी. चिमणाबाई बोलायला कमी आणि घालायला त्याहून कमी. कडबा भरपूर, पण पेंड मुठीनं मोजून. सणाला पोळी अर्धी, नैवेद्यापुरती. मी तिला तोंडावर चिक्कू म्हणायची. आमच्या घरी म्हशीला घालायचा हात सैल होता आणि त्याचा मला अभिमान होता.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं बांधायची, गळ्यात घुंगरं घालायची आणि म्हशीला दावं न लावता मोकळी सोडायची. मालक पुढं सायकलवर हाळी देत पळतो आणि म्हैस त्याच्या आवाजामागं धावते. राजदूत मोटारसायकलवाले तेव्हा पेठेत दोघंच होते, बाकी सगळे सायकलवर. जी म्हैस गर्दीला न बुजता, कुठं न वळता मालकाच्या मागं शेवटपर्यंत येते, तिला मान. त्या वर्षी हौशी आणि चिंगी दोघी बरोबरीनं निघाल्या. चिंगीपुढं चिमणाबाईचा दीर सयाजी होता, हौशीपुढं आमचे मालक. अर्ध्या वाटेत कुणीतरी फटाका लावला. चिंगी बिचकून थांबली. हौशीनं कान हलवले आणि ती तशीच पळत गेली.

मी तर आनंदानं वेडी झाले. गुलाल, हलगी, बायका ओवाळायला आलेल्या. चिमणाबाई बाजूला उभी राहून चिंगीच्या पाठीवरून हात फिरवत होती. गप्प बसायचं सोडून मी सगळ्यांसमोर म्हणाले, "चिमणे, तुझ्या चिंगीला चार दिस आमच्या हौशीचं उष्टं घाल. मग पळंल ती."

गर्दी हसली. आमच्या दुधाचं रोजचं गिऱ्हाईक, हंबीरराव पैलवान, तर पोट धरून हसला. चिमणाबाईनं पदरानं चिंगीच्या कपाळावरचा गुलाल पुसला आणि तिला घेऊन गेली. उत्तर न देणारी माणसं मला आवडत नाहीत, त्यांच्याशी भांडण अर्धवट राहतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी गोठ्यात गेले तर हौशीनं मान वळवली नाही. पाठ कमानीसारखी वाकवून, डोळे अर्धे मिटून उभी होती. गव्हाणीतली कुट्टी तशीच. डाव्या कुशीला हात लावला तर पोट फुगलेलं आणि आत नुसतं पाणी डचमळत होतं. शेण पातळ, राखाडी, आणि त्याला आंबलेल्या पिठासारखा वास. सगळ्यात वाईट म्हणजे तोंड हलत नव्हतं. हौशी रवंथ करत नव्हती. मधूनच दात करकर वाजवायची, तेवढंच. मालकांना जनावरांच्या दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टर सायकलवरून आले. तीन महिन्यांपूर्वीच बदलून आलेला, मिसरूड नीट न फुटलेला मुलगा. त्याच्या मागच्या सायकलवर लालासाब होता, वीस वर्षं दवाखान्यात मलमपट्टी करणारा, पेठेतल्या प्रत्येक म्हशीला नावानं ओळखणारा. डॉक्टरांनी कुशीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, ताप बघितला, मग वही काढून विचारलं, "काल हिनं काय काय खाल्लं?"

"रोजचंच," मी म्हणाले.

डॉक्टरांनी वही मिटली नाही. तेव्हा आमचे मालक खाकरले. म्हणाले, पळून आल्यावर मीच दोन लाडू दिले, खुशीत. शेजारची बाई म्हणाली, मी पाच पोळ्या दिल्या, ओवाळलं म्हणून. कुणी थाळीभर भात दिला होता, कुणी करंज्या. हंबीरराव पैलवान बातमी ऐकून आला होता, त्यानंही मान खाली घालून कबूल केलं. स्वतःच्या खुराकातले भिजवलेले हरभरे त्यानं लहान बादलीभर हौशीपुढं ठेवले होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपण तेवढं थोडंसं दिलं. ज्या गव्हाणीला कुणी हात लावत नव्हतं, तिथं पाडव्याच्या संध्याकाळी अर्ध्या गल्लीनं हात धुऊन घेतले होते. माझा संताप झाला आणि एकेकाला मी असं झाडलं की हंबीररावासारखा गडीसुद्धा बाकीच्यांबरोबर गोठ्यातून निघून गेला.

डॉक्टर लिहीत होते. म्हणाले, "हे बरंच आहे, पण एवढ्यानं ही इतकी आजारी पडायला नको. अजून काही असेल तर आत्ताच सांगा. मी औषधाचं माप त्याच्यावरच ठरवणार. कमी पडलं तर संध्याकाळपर्यंत ही खाली बसेल, आणि मग उठणार नाही."

लालासाब गोठ्याच्या कोपऱ्यात बघत होता. तिथं माझं घमेलं पालथं पडलं होतं आणि त्याच्या कडेला शिजलेले गहू चिकटले होते. त्याला दिसलं होतं, हे मला कळलं. माझ्याकडं न बघता त्यानं आपली बॅग उघडायला घेतली.

मग मी सांगितलं. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, अंगात रग यावी म्हणून, गव्हाच्या घुगऱ्या गूळ घालून शिजवल्या होत्या. घमेलं भरून. आणि जिंकून आल्यावर कौतुकानं आणखी एक घमेलं. मिळून सात-आठ किलो गहू तरी असतील, गूळ वेगळाच. लोकांवर मी एवढं तोंड टाकत होते आणि सगळ्यांनी मिळून दिलं त्याच्या दुपटीनं मी एकटीनं दिलं होतं. हे बोलताना मला कुणाच्या तोंडाकडं बघवेना.

डॉक्टरांनी माप वाढवलं. अर्धा किलो खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून बाटलीनं पाजला, शिरेतून सलाईन सोडलं. लालासाबनं हौशीची मान धरली होती आणि तो तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. सगळं झाल्यावर डॉक्टर हात धुता धुता मला समजावू लागले. म्हणाले, म्हशीला चार पोटं. पहिलं सगळ्यात मोठं, त्याला कोठीपोट म्हणतात. त्यात कोट्यवधी बारीक जंतू असतात. कडबा म्हशीला पचत नाही, तो या जंतूंना पचतो, आणि जंतूंनी शिजवून दिलेलं म्हैस खाते.

"म्हणजे खरं तर तुम्ही म्हशीला खायला घालत नाही," ते म्हणाले. "तिच्या पोटातल्या जंतूंना घालता."

आधीच माझं डोकं फिरलं होतं. वीस वर्षं मी किडे पोसले म्हणता का, असं मी त्यांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, कडब्यावर जगणारे जंतू वेगळे, गहू-गुळावर माजणारे वेगळे. एकदम गोड मिळालं की दुसरे भराभर वाढतात, पोट आंबट होतं आणि पहिले मरून जातात. म्हणून तर वैरण हळूहळू बदलायची असते, जंतूंना सवय व्हायला वेळ लागतो. माझाच नियम तो मुलगा मला सांगत होता, आणि नियम का आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं.

दोन दिवस सोडा आणि सलाईन चाललं. हौशी खाली बसली नाही. शेणाचा वास कमी झाला, डोळे उघडले. पण तोंड हलेना. कुट्टी पुढं केली की हुंगायची आणि मान फिरवायची. दूध पार आटलं, तिच्या पारडीला दुसऱ्या म्हशीचं पाजत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नळी माझ्या कानाला लावली आणि दुसरं टोक शेजारी बांधलेल्या आमच्याच दुसऱ्या म्हशीच्या कुशीला. आत लांबून बैलगाडी यावी तसा गडगडाट आला, थांबला, पुन्हा आला. मग तेच टोक हौशीच्या कुशीला लावलं. मी श्वास रोखून ऐकत राहिले. काही नाही. मला रडू आलं, आणि मी ते दाबलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, विष उतरलंय, पण पोटातले कामाचे जंतू मेलेत. आता नुसत्या औषधानं भागणार नाही. दुसऱ्या निरोगी म्हशीचा रवंथ काढून हिला पाजावा लागेल. "घरात विरजण संपलं तर तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं. "शेजारणीकडून आणता ना? तसंच." मोठ्या दवाखान्यात नळी घालून पोटातलं पाणी काढतात म्हणे, पण तशी लांब नळी त्यांच्याकडं नव्हती. रवंथ करताना म्हशीच्या तोंडातून घास काढून घ्यायची जुनी रीत लालासाबला येत होती.

मी म्हणाले, आमच्याच तीन म्हशी उभ्या आहेत, काढा. डॉक्टरांनी विचारलं, त्यांनी पाडव्याला गोड खाल्लं का? खाल्लं होतं. हौशीएवढं नाही, पण खाल्लं होतं, त्यांचीही पोटं सैल होती. मग गल्लीतल्या कुणाची? लालासाब एकेका म्हशीचं नाव घेऊ लागला आणि आमचे मालक नाही म्हणून मान हलवू लागले. सगळ्यांनी सण केला होता. शेवटी लालासाब थांबला. एक नाव त्याला माहीत होतं, मालकांना माहीत होतं आणि मलाही. पेठेत अशी एकच म्हैस होती, जिला पाडव्याला अर्धी पोळी मिळाली होती आणि बाकी कडबा.

"शालूवैनी," लालासाब हळू आवाजात म्हणाला, "चिंगी दुसऱ्याला तोंडाला हात लावू देत न्हाय. चिमणाबाईला सोताला यावं लागंल. तुमालाच जाऊन सांगाय पायजे."

मी मालकांकडं बघितलं. मालक छताकडं बघत होते.

गल्ली शंभर पावलांची आहे. त्या दिवशी ती संपता संपेना. हौशीचं उष्टं घाल म्हणणारी मी, चिंगीच्या तोंडातला घास मागायला निघाले होते. चिमणाबाई काय काय म्हणेल ते सगळं मी वाटेत मनातल्या मनात ऐकून घेतलं, आणि प्रामाणिकपणे सांगते, तिच्या जागी मी असते तर त्यातलं एकही वाक्य सोडलं नसतं.

ती दारात बसून कडब्याच्या पेंढ्या सोडत होती. मला बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, घुगऱ्यांची दोन घमेलीसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "उठतीया का हौशी?"

"उठतीया. पर रवंथ न्हाय."

"चिंगी आता खातीया. खाताना तिला तरास द्यायचा न्हाय. दोनच्या सुमाराला रवंथाला बसती. तवा लालासाबला घिऊन ये." आणि पुन्हा पेंढी सोडायला लागली.

बस. एक शब्द जास्त नाही. मी मार खायच्या तयारीनं गेले होते आणि कुणी हातच उगारला नाही. घरी परतताना मला हलकं वाटायला हवं होतं. उलट छातीवरचं ओझं वाढलं.

दोन वाजता आम्ही गेलो. चिंगी सावलीत बसून डोळे मिटून चघळत होती. लालासाबनं दाखवलं, घास गिळला की थोड्या वेळानं गळ्यातून दुसरा गोळा वर चढताना दिसतो, तो तोंडात आला की जीभ बाजूला धरायची आणि काढून घ्यायचा. पुढं वरचे दात नसतात, पण मागं दाढा असतात, हात खोल गेला तर बोटांचा भुगा. त्यानं हात पुढं करताच चिंगीनं शिंग फिरवलं. मग चिमणाबाईनं पदर खोचला, चिंगीच्या गळ्याखाली खाजवत बसली आणि गोळा वर येताच सरळ हात घातला. हिरवा, गरम, वाफाळणारा गोळा तिनं माझ्या हातातल्या कळशीत टाकला. कळशीत कोमट पाणी होतं आणि तिच्याभोवती मी गोधडी गुंडाळली होती, कारण गार वारा लागला तर जंतू मरतात असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दर तीन-चार घासांनंतर ती थांबायची, चिंगीला स्वतःचं चघळू द्यायची. सगळं घ्यायचं नसतं, म्हणाली. सातव्या की आठव्या घासाला चिंगीनं दाढ मिटली. चिमणाबाईचा हात बाहेर आला तेव्हा दोन बोटं ठेचली होती आणि रक्त येत होतं. लालासाब बॅग उघडायला धावला. तिनं लुगड्याची कड फाडली, बोटांना गुंडाळली आणि पुन्हा चिंगीचा गळा खाजवायला लागली. मी म्हणाले, पुरे गं आता. ती म्हणाली, "डॉक्टरनं किती सांगितल्यात? पंधरा न्हवं? मग पंधरा."

कळशी घेऊन आम्ही दोघी गल्लीतून जवळजवळ पळत निघालो. ओट्यावरच्या बायका बघत होत्या. पाडव्याचं माझं बोलणं सगळ्यांच्या लक्षात होतं, तीन दिवस तर झाले होते. कुणीतरी विचारलंच, गोधडीत एवढं गुंडाळून काय नेताय? मी कळशी आणखी जवळ धरली. चिमणाबाई न थांबता म्हणाली, "विरजण हाय."

खोटं नव्हतं. डॉक्टरांचाच शब्द होता, मीच तिला सांगितला होता. पण तो शब्द तिनं माझ्या अब्रूवर पांघरूण म्हणून घातला हे मला कळलं.

ते पाणी गाळून लालासाबनं हौशीला थोडं थोडं पाजलं, ठसका लागू न देता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चिमणाबाई तिन्ही दिवस बांधलेल्या बोटांनी आली. तिसऱ्या दिवशी दुपारी हौशीनं गव्हाणीतली कडब्याची चार पानं ओढली. संध्याकाळी मालक कट्ट्यावरून परत आले तेव्हा मी गोठ्याच्या दारात बसले होते. त्यांना हातानंच गप्प राहा म्हणून खुणावलं. हौशी बसली होती. तिच्या गळ्यातून एक गोळा वर चढला आणि तोंड हलायला लागलं. डावीकडून उजवीकडं, सावकाश. मी मोजत होते. पंचेचाळीस वेळा चघळून तिनं तो गिळला आणि दुसरा वर आणला. इतकं सुख मला हौशी पहिल्यांदा व्याली तेव्हाही झालं नव्हतं.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांचं पथ्य सांगितलं, नुसता कडबा आणि नंतर हळूहळू पेंड. किती पेंड, असं मी विचारलं तर शेजारी उभ्या असलेल्या चिमणाबाईनं आपली बांधलेली मूठ दाखवली. मी त्या मुठीच्या मापानं पेंड घालायला सुरुवात केली. महिन्याभरात दूध चढत चढत बारा लिटरवर आलं. हंबीरराव पैलवानानं पेला तोंडाला लावून सांगितलं की दूध आधीपेक्षा गोड लागतंय. मी त्याला हरभऱ्याच्या बादलीची आठवण करून दिली.

वर्ष गेलं. चिमणाबाई कट्ट्यावर रोज भेटायची, आपल्या पद्धतीनं दोन शब्द बोलायची. ती कधीतरी टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होते. एकदा मारला असता तर फिटलं असतं. लालासाब बोलणारा नव्हता, डॉक्टर बदलून आजऱ्याला गेले, आमचे मालक तर गप्पच. पेठेला एवढंच माहीत होतं की हौशी आजारी पडली आणि डॉक्टरच्या औषधानं बरी झाली. ती गुप्तता माझ्या घशात घासासारखी अडकून होती, खालीही जाईना आणि वरही येईना.

पुन्हा पाडवा आला. पुन्हा हौशी आणि चिंगी बरोबर निघाल्या, आणि पुन्हा हौशीच पुढं आली, अगदी मानभर अंतरानं. हलगी वाजली, गुलाल उडाला. या वेळी कुणी काही घालू नये म्हणून मी हौशीच्या तोंडाला मुसकं बांधलं होतं. चिमणाबाई शेजारीच चिंगीच्या कपाळावरचा गुलाल पुसत होती. हातात नैवेद्याचं ताट, ताटात एक पोळी.

हंबीररावाला गेल्या वर्षीची आठवण झाली. लोकांना हसवायच्या हौसेनं तो मोठ्यानं म्हणाला, "चिमणामावशी, शालूवैनींचं ऐकलं न्हाईसा व्हय? हौशीचं उष्टं घाला म्हणालत्या की चिंगीला."

लोक हसले. चिमणाबाईनं मान वर केली नाही. उत्तर तिच्या हातात होतं. दोन बोटांची नखं अजून वेडीवाकडी होती, तीच बोटं ती चिंगीच्या कपाळावरून फिरवत होती, आणि या वर्षीही ती गप्पच राहणार होती.

माझा राग उसळला. हंबीररावावर नव्हे, स्वतःवरच.

"ए हंबीरराव, हलगी थांबीव," मी म्हणाले. हलगी थांबली. "उष्टं आमच्या हौशीनं खाल्लंय. चिंगीच्या तोंडातलं, हिनं सोताची बोटं ठेचून काढल्यालं. तीन दिस. त्ये पोटात गेलं म्हणून हौशी आज पळाली, न्हाईतर गेल्याच दिवाळीला तिला गाड्यावर घालून न्यावी लागली असती. आन तिला मराय टेकवली ती कुनी? मी. माझ्या घुगऱ्यांनी. आता हसा कुनाला हसायचं त्येनी."

हंबीररावानं फेटा काढून हातात घेतला. मला वाटलं होतं, बोलून झाल्यावर जमीन फाटून आत जावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. वर्षभर अडकलेलं ते एकदाचं खाली गेलं.

चिमणाबाई माझ्याकडं बघत होती. "सांगाय वरीस लागलं गं तुला," ती म्हणाली.

मग तिनं ताटातली पोळी उचलली, मधोमध मोडली. अर्धी चिंगीला दिली. उरलेल्या अर्धीचा एक घास स्वतः तोंडात घातला आणि चावलेली पोळी माझ्यापुढं धरली.

"हौशीनं खाल्लं," ती म्हणाली. "आता तू खा."

सगळी पेठ बघत होती. मी पोळी घेतली आणि खाल्ली. पुरणात वेलदोडा जरा जास्त झाला होता, पण त्यावर मी तिच्याशी वाद घातला नाही.